जॉन लॉ : कागदी पैशाचा किमयागार

फ्रान्सचा राजा चौदावा लुई १ सप्टेंबर १७१५ रोजी निधन पावला, तेव्हा त्याने पाच वर्षांच्या पणतूसाठी मागे ठेवले ते वैभवशाली सिंहासन आणि सुमारे २०० कोटी लिव्रचे कर्ज. दीर्घकाळच्या युद्धांनी खजिना रिता झाला होता, येणाऱ्या वर्षांचा महसूलही आधीच खर्ची पडला होता. सरकारी कर्जरोख्यांना बाजारात कोणी विचारत नव्हते. अशा वेळी बालराजाचा पालक, ऑर्लियाँचा ड्यूक फिलिप, याने विश्वास टाकला तो एका परक्या माणसावर. त्याचे नाव जॉन लॉ.

लॉ स्कॉटलंडचा. एडिंबरोतील एका सराफाच्या घरी १६७१ मध्ये त्याचा जन्म झाला. गणिताची विलक्षण जाण आणि जुगाराचा नाद घेऊन तो लंडनला गेला. तेथे १६९४ मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून एकजण मारला गेला. फाशीची शिक्षा झाली. पण तो तुरुंगातून निसटला आणि युरोपात परागंदा झाला. अॅमस्टरडॅमच्या पेढ्यांचे व्यवहार त्याने बारकाईने पाहिले. देश गरीब राहतो तो चलनाच्या टंचाईमुळे, ही टंचाई बँकेच्या नोटांनी दूर करता येईल, हा विचार त्याने १७०५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मायदेशाच्या संसदेने तो नाकारला. कर्जात बुडालेल्या फ्रान्सला मात्र तो हवाहवासा वाटला.

मे १७१६ मध्ये लॉची खासगी बँक पॅरिसमध्ये सुरू झाली. त्या काळी फ्रान्सचे सरकार नाण्यांचे मूल्य वारंवार बदलत असे. लॉच्या नोटेवर मात्र, ती काढली त्या दिवशीच्या वजनाचेच नाणे मिळे. साहजिकच लोकांना राजाच्या नाण्यापेक्षा या नोटेचा भरवसा वाटू लागला. व्यापाराला उभारी आली, व्याजदर उतरले. लॉचे खरे यश ते हेच.

पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेतील लुईझियाना वसाहतीच्या व्यापाराचा मक्ता मिळवून कंपनी स्थापन केली. तीच मिसिसिपी कंपनी. १७१९ मध्ये तिने पुदुच्चेरीतून हिंदुस्थानशी व्यापार करणारी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीही पोटात घेतली. त्याच वर्षी कर वसुलीचा मक्ता घेऊन तिने राजाला १२० कोटी, पुढे १६० कोटी लिव्र ३ टक्के व्याजाने देऊ केले. या रकमेतून जुन्या धनकोंची देणी चुकती व्हायची आणि त्यांनी तो पैसा कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवायचा, अशी ही योजना होती. राष्ट्राचे कर्ज अशा रीतीने जनतेच्या शेअरमध्ये रूपांतरित झाले.

५०० लिव्रचा शेअर वर्षअखेरीस १०,००० लिव्रच्या आसपास पोहोचला. कँकाँपुआ नावाच्या अरुंद गल्लीत सरदार आणि नोकर एकाच गर्दीत शेअर घेऊ लागले. जानेवारी १७२० मध्ये लॉ फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. परंतु लुईझियानात ना सोने होते, ना पुरेशी वस्ती. शिवाय डिसेंबर १७१८ मध्येच बँक राजाच्या मालकीची झाली होती. नोटा छापताना नको म्हणणारे कोणी उरले नव्हते.

दरबारातील जाणत्यांनी वेळीच नोटा देऊन सोने-चांदी उचलली. लॉने मग सक्तीचा मार्ग धरला. फेब्रुवारीत ५०० लिव्रहून अधिक नाणी बाळगणे गुन्हा ठरला. २१ मे रोजी नोटांचे मूल्य टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणण्याचा हुकूम निघाला. संतापाचा असा भडका उडाला की, तो आठवडाभरातच मागे घ्यावा लागला. पण गेलेला विश्वास परतला नाही. १७ जुलैच्या पहाटे बँकेच्या दारात लहान नोटा वटवायला आलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अनेकजण दगावले. जमावाने प्रेते ड्यूकच्या राजवाड्यापर्यंत वाहून नेली, लॉच्या बग्गीचा चुराडा केला. ऑक्टोबरमध्ये नोटा रद्द करण्याचा निर्णय झाला. डिसेंबरमध्ये लॉने फ्रान्स सोडले. मागे राहिलेली त्याची मालमत्ता जप्त झाली.

त्यानंतरच्या तपासणीत पाच लाखांहून अधिक लोकांनी आपले दावे मांडले. कर्ज नाहीसे झाले नव्हते. त्याचा भार सामान्यांच्या बचतीवर सरकला होता. ज्या सावकारांना चुकवायचे होते ते थोडे होते, ज्यांचे बुडाले ते असंख्य होते. लॉने स्वतःची संपत्तीही याच योजनेत घातली होती, त्यामुळे त्याला निव्वळ ठग म्हणता येत नाही. २१ मार्च १७२९ रोजी व्हेनिसमध्ये त्याचा अंत झाला.

फ्रान्सच्या मनातील धास्ती मात्र टिकली. १७७६ मध्ये तेथे पुन्हा नोटा काढणारी पेढी स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात 'बँक' हा शब्द घालण्याचे टाळण्यात आले. आणि राजाच्या कर्जाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. मे १७८९ मध्ये सोळाव्या लुईने प्रतिनिधींची सभा बोलावली ती या कर्जापायीच. त्या सभेतून पुढे राज्यक्रांती उभी राहिली.