गेऑर्ग ओहम

नाशिकच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारींतील स्पीकरवर पुष्कळदा ‘४ ओहम’ अशी अक्षरे आढळतात. हे ओहम कोण?

गेऑर्ग ओहम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्यांचे वडील कुलुपे घडविणारे कारागीर होते. पण स्वतः अभ्यास करून त्यांनी मुलांना गणित व विज्ञान शिकविले. पुढे कोलोन येथे शिक्षक असताना ओहम विजेचे प्रयोग करू लागले. तारेतून वाहताना विजेला रोध होतो. तो मोजण्यासाठी त्यांना स्थिर प्रवाह हवा होता. उकळते पाणी व बर्फ यांच्या तापमानातील फरकाचा उपयोग करून त्यांनी तो मिळविला. विजेचा दाब तोच असता रोध निम्मा झाला, की प्रवाह दुप्पट होतो, हे त्यांनी १८२७ साली ग्रंथात मांडले.

अनेक विद्वानांनी त्या ग्रंथाची उपेक्षा केली. खिन्न होऊन ओहम यांनी नोकरी सोडली व काही वर्षे ओढगस्तीत काढली. अखेर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. १८५४ साली ते निवर्तले. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले.

४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर एकत्रित रोध २ ओहम होतो आणि आवाज वाढविणाऱ्या अॅम्प्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. तेवढी क्षमता नसेल, तर तो तापून बिघडतो. नाशिकचा जाणता कारागीर जोडणीपूर्वी हा हिशेब करतो, तेव्हा तो ओहम यांचाच नियम वापरीत असतो.