स्पिनेल्लींचा मसुदा आणि सरकारांची लेखणी

राष्ट्राराष्ट्रांमधील करार सुधारण्याचा प्रश्न केवळ सदिच्छेने सुटत नाही. मसुदा कोणी लिहावयाचा आणि संमती कितीजणांची घ्यावयाची, यावर त्याचा निकाल ठरतो. इटलीचे अल्तिएरो स्पिनेल्ली यांनी उत्तरायुष्य या प्रश्नाशी झुंजण्यात वेचले.

स्पिनेल्लींचा जन्म १९०७ साली रोममध्ये झाला. कम्युनिस्ट चळवळीत भाग घेतल्याबद्दल मुसोलिनीच्या राजवटीने १९२७ साली त्यांना पकडले. तुरुंग आणि स्थानबद्धता यांत त्यांची १६ वर्षे गेली. बंदिवासातच कम्युनिस्ट पक्षाशी त्यांचे नाते तुटले. १९४१ साली व्हेंतोतेने बेटावर एर्नेस्तो रॉस्सी यांच्यासह त्यांनी संघराज्यात्मक युरोपचा जाहीरनामा लिहिला. राष्ट्रांचे अनिर्बंध सार्वभौमत्व हेच युद्धाचे मूळ, हे त्याचे सूत्र होते.

युद्धानंतरचे ऐक्य मात्र वेगळ्या वाटेने आले. १९५७ च्या रोम कराराने समाईक बाजारपेठ उभी केली. त्याचे कलम २३६ असे, की दुरुस्ती सर्व सरकारांनी एकमताने ठरवावी आणि प्रत्येक सभासद राष्ट्राने तिला मान्यता द्यावी. एकाचा नकार साऱ्यांचा प्रयत्न थोपवू शके. १९७० ते १९७६ या काळात युरोपीय आयोगाचे सदस्य असताना स्पिनेल्लींनी या व्यवस्थेची मर्यादा जवळून पाहिली.

१९७९ साली युरोपीय संसद प्रथमच थेट मतदानाने निवडली गेली आणि स्पिनेल्लींना हवे ते साधन मिळाले. सरकारांपुढे अर्ज करण्याऐवजी लोकप्रतिनिधींनीच नवा करार लिहावा, असा त्यांनी आग्रह धरला. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी संसदेने त्यांचा मसुदा २३७ विरुद्ध ३१ मतांनी संमत केला. एकूण लोकसंख्येचा दोन तृतीयांश भाग सामावणाऱ्या बहुसंख्य राष्ट्रांनी मान्यता दिली तरी करार अमलात आणण्याची वाट त्यात ठेवली होती. एकमताच्या अटीवरच हा घाव होता.

सरकारांनी मसुदा स्वीकारला नाही. पण त्याकडे त्यांना दुर्लक्षही करता आले नाही. १९८५ च्या जूनमध्ये मिलान येथे करारदुरुस्तीची परिषद बोलावण्याचा निर्णय ७ विरुद्ध ३ मतांनी झाला. ब्रिटन, डेन्मार्क व ग्रीस विरोधात होते. परिषद बोलावण्यास बहुमत पुरे होते, तिच्या निर्णयास मात्र सर्वांची संमती लागणार होती. म्हणूनच १९८६ च्या एकात्म युरोपीय कायद्यात बाजारपेठेच्या बहुतेक विषयांना बहुमताचा नियम लागू झाला. संसदेच्या पदरात थोडे वाढीव अधिकार पडले. स्पिनेल्ली निराश झाले आणि त्याच वर्षी २३ मे रोजी निवर्तले.

त्यांचा पराजय पूर्ण होता असे म्हणता येणार नाही. २००९ साली अमलात आलेल्या लिस्बन कराराने संसदेला करारदुरुस्ती सुचविण्याचा अधिकार दिला. मोठ्या दुरुस्तीसाठी सर्व राष्ट्रांच्या संमतीची अट मात्र कायम आहे. ज्यांनी आपली सत्ता सोडावयाची, त्यांच्याच हाती अखेरचा शब्द असेल तर सुधारणा त्यांना सोसवेल तेवढीच होते, हे स्पिनेल्लींनी ओळखले होते. तो अखेरचा शब्द अद्याप सरकारांपाशीच आहे.