अ‍ॅना फ्रॉइड : ताटातुटीच्या वेदनेचा अभ्यास



'वास' म्हणजे राहणे, आणि राहत्या जागेतून ज्याला बाहेर घालविले गेले तो 'निर्वासित', ही व्युत्पत्ती तुम्हाला परिचित असेल. या शब्दाचा भर जागेवर आहे. परंतु दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने जागा दुय्यम असते. आई जिथे असेल, तेच त्याचे घर. आज सहज पटणारी ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सर्वमान्य नव्हती. प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे ती ज्यांनी दाखवून दिली, त्यांत अ‍ॅना फ्रॉइड यांचे नाव अग्रभागी आहे.

जडणघडण आणि देशत्याग

अ‍ॅना यांचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या सहा अपत्यांतील त्या सर्वांत धाकट्या. त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. काही वर्षे प्राथमिक वर्गांना शिकविले. मुलांकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहण्याची ही सवय मनोविश्लेषक झाल्यावरही सुटली नाही. १९३७ मध्ये त्यांनी आपल्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह व्हिएन्नातील गरीब घरांतल्या तान्ह्या मुलांसाठी एक पाळणाघर सुरू केले.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि सारे बदलले. फ्रॉइड कुटुंब ज्यू होते. २२ मार्च रोजी गेस्टापो या गुप्त पोलीस दलाने अ‍ॅना यांना चौकशीसाठी नेले. सुदैवाने त्या त्याच दिवशी परतल्या. पाळणाघर बंद पडले. जूनमध्ये कर्करोगाने खंगलेल्या वडिलांना घेऊन त्या लंडनला पोहोचल्या. त्यांच्या चार वृद्ध आत्या मागे राहिल्या. त्यांपैकी कोणीही नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतले नाही. अ‍ॅना यांचे पुढील कार्य वाचताना ही पार्श्वभूमी तुम्ही ध्यानात ठेवावी.

युद्धकालीन बालगृहे

सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडमधील लाखो मुलांना बाँबहल्ल्याच्या भीतीने शहरांतून खेड्यांत हलविण्यात आले. त्यांतील असंख्य मुले आईवडिलांवाचून गेली. मूल सुरक्षित स्थळी पोहोचले की आपले कर्तव्य संपले, असा व्यवस्थेचा समज होता. अ‍ॅना आणि डोरोथी यांनी १९४१ च्या प्रारंभी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बेघर झालेल्या कुटुंबांतील मुलांसाठी बालगृह उघडले. लवकरच त्यांची संख्या तीन झाली. तेथे काम करणाऱ्या तरुणींपैकी अनेक जणी जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या निर्वासित होत्या. प्रत्येक मुलाच्या वागण्याची बारकाईने नोंद ठेवली जाई.

या नोंदींतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी, की बाँबच्या आवाजापेक्षा आईचा विरह लहान मुलाला अधिक उद्ध्वस्त करतो. दुसरी अशी, की मुलाची भीती बहुतांशी आईच्या भीतीची छाया असते. आई धीराने वागत असेल, तर मूल हल्ल्यातही झोपू शकते. आई थरथरत असेल, तर तेही थरथरते. मुलाचे मन सावरायचे असेल, तर आधी आईला आधार द्यावा लागतो, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

आई भेटून गेली की मूल रडते, म्हणून भेटी कमी कराव्यात, अशी अनेक संस्थांची त्या काळी रीत होती. अ‍ॅना यांनी आईला केव्हाही येण्याची मुभा दिली. तान्ह्या मुलांच्या काही मातांना बालगृहातच काम देऊन राहवून घेतले. रडणे हे नाते जिवंत असल्याचे लक्षण आहे. अधिक चिंता वाटावी ती निमूट झालेल्या आणि आईला न ओळखणाऱ्या मुलाची, असे त्यांचे निरीक्षण होते.

भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही आणखी एका नोंदीकडे लक्ष द्यावे. उत्तम आहार आणि स्वच्छता असूनही बालगृहातील मुले दुसऱ्या वर्षी बोलण्यात घरच्या मुलांपेक्षा मागे पडत. तेव्हा त्यांनी मुलांचे छोटे 'कुटुंब'गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक मातृवत् सेविका दिली. हट्ट आणि मत्सर एकदम उफाळून आले. पण खुंटलेली वाढही वेग घेऊ लागली. बोलावे असे वाटणारे हक्काचे माणूस असल्याखेरीज बोली फुलत नाही, हे यातून तुमच्या लक्षात येईल.

सहा अनाथ मुले

१९४५ मध्ये टेरेझिनश्टाट येथील छावणीतून सहा ज्यू मुले इंग्लंडला आली. वये तीन ते चार वर्षांची. त्यांचे आईवडील मारले गेले होते. अ‍ॅना यांच्या एक आत्या, अडोल्फीन, याच छावणीत मरण पावल्या होत्या. ससेक्समधील एका घरात सोफी आणि गेर्ट्रूड डान या निर्वासित भगिनींनी अ‍ॅना यांच्या मार्गदर्शनाखाली या मुलांना वर्षभर सांभाळले. आरंभी मुले खेळणी फोडत, मोठ्यांना चावत, थुंकत; परंतु परस्परांना क्षणभरही सोडत नसत आणि स्वतःआधी दुसऱ्याला खाऊ मिळाला की नाही ते पाहत. आई न लाभलेल्या या मुलांनी एकमेकांतच आधार शोधला होता. हळूहळू ती मोठ्यांवर विसंबू लागली, इंग्रजी बोलू लागली. १९५१ मध्ये या अनुभवावर अ‍ॅना व सोफी यांनी लिहिलेला लेख बालमानसशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो.

१९४७ मध्ये अ‍ॅना यांनी बालमानसोपचाराचा अभ्यासक्रम आणि १९५२ मध्ये त्याला जोडून हॅम्पस्टेड येथे चिकित्सालय सुरू केले. ९ ऑक्टोबर १९८२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

सारांश

निर्वासितांच्या छावणीत अन्न, औषध आणि निवारा यांची मोजदाद करता येते. आई आणि मूल यांच्यातील धाग्याची करता येत नाही, म्हणून तो सहज दुर्लक्षिला जातो. अ‍ॅना फ्रॉइड यांनी त्याची नोंद ठेवण्याची पद्धत घालून दिली. चरित्र वाचताना व्यक्तीच्या भोगलेल्या दुःखाचे तिच्या कार्यात कसे रूपांतर झाले, हे शोधण्याचा सराव तुम्ही या पाठाच्या निमित्ताने करावा.

स्वाध्याय

१. मुलांच्या भेटीसंबंधी अ‍ॅना फ्रॉइड यांची भूमिका प्रचलित रीतीपेक्षा कशी वेगळी होती, ते लिहा.
२. मुलाचा भाषाविकास आणि जिव्हाळ्याचे नाते यांचा संबंध पाठाच्या आधारे स्पष्ट करा.