गोविंद बल्लाळ देवल : संशय आणि सत्ता

देवलांचे नाव घेताच आपल्याला ‘शारदा’ आठवते. या पाठात मात्र आपण त्यांच्या चरित्राकडे ‘झुंजारराव’ या शोकांतिकेच्या बाजूने पाहणार आहोत.

देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीनजीकच्या हरिपूर येथे झाला. बेळगावी शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना शिक्षक म्हणून लाभले. पुढे देवलांनीही काही काळ शिक्षकी केली आणि नाट्यव्यवसायात आल्यावरही नटांना तालीम देणारे मास्तर हीच त्यांची ख्याती राहिली.

त्यांचे पहिले नाटक ‘दुर्गा’ (१८८६) एका इंग्रजी शोकनाट्यावर आधारलेले होते. पती मृत झाला असे समजून, निराधार अवस्थेत पुनर्विवाह करणारी स्त्री आणि नंतर परत येणारा तिचा पहिला पती, हा त्या मूळ नाटकाचा विषय. पती जिवंत असल्याचे त्याच्या भावाला ठाऊक असते; तिला ते कळू दिले जात नाही. माहिती पुरुषांच्या हाती आणि परिणाम स्त्रीच्या वाट्याला, ही मांडणी आपण ध्यानात ठेवावी.

‘झुंजारराव’ (१८९०) हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे रूपांतर. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले होते. परंतु रंगभूमीवर रुजले ते देवलांचे रूपांतर. गणपतराव जोशी यांची झुंजाररावाची भूमिका विशेष गाजली. ऑथेल्लोचा झुंजारराव, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव झाला. या नाटकाचे विवेचन करताना आपण सहसा मत्सरापाशी थांबतो. माझ्या मते ते अपुरे आहे. मूळ नाटकातील नायिका पित्याचा विरोध डावलून स्वतः वर निवडते. नेमके हेच धैर्य पुढे तिच्याविरुद्ध पुरावा ठरते: जी पित्याला फसवू शकते ती पतीलाही फसवील. आरोप करणारा, पुरावा तपासणारा आणि शिक्षा देणारा एकच, तो म्हणजे पती. एमिलियाही पतीला खूश करण्यासाठी हरवलेला रुमाल त्याच्या हाती देते. सत्य बोलते तेव्हा त्याच पतीच्या हातून मरते. नाटकातील आज्ञाधारक स्त्री आणि बोलणारी स्त्री, दोघींचाही शेवट एकच होतो, हे आपण मूळ संहिता वाचताना अवश्य तपासावे.

‘शारदा’ (१८९९) मध्ये विवाहाचा निर्णय पित्याच्या लोभाच्या स्वाधीन आहे. (१९२९ चा शारदा कायदा या नायिकेच्या नावावरून ओळखला जातो, असे उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ते नाव हरबिलास सारडा यांचे आहे.)

संशयाचा विषय मात्र देवलांनी सोडला नव्हता. मोलिएरच्या प्रहसनाशी नाते सांगणारे ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक त्यांनी १८९३ मध्ये लिहिले होते. त्यालाच पुढे ‘संशयकल्लोळ’ हे संगीत रूप दिले. येथे रुमालाच्या जागी तसबीर आली आहे. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, कृत्तिकाही त्याच्यावर तितकाच संशय घेते आणि तो उघड बोलून दाखवते. कमळजेला ही मुभा नव्हती. संशय घेण्याचा अधिकार दोघांकडे येताच प्रेक्षक हसू लागतो, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले ते त्यानंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.