रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

वढू बुद्रुक हे माझे गाव. गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीविषयी विचारतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आमच्या गावाचे आणखी एक रूप आहे. ते पाहुण्यांच्या नजरेस सहसा पडत नाही. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथील कारखान्यांत पाळीला जाणारी माणसे आमच्या परिसरात घरोघर आहेत. साहजिकच ओव्हरटाइम, साप्ताहिक सुट्टी, युनियन हे शब्द आम्हां मुलांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असतात. मात्र युनियन ही कारखान्याची वस्तू, कॉलेजात तिचे काय काम, असे गावातील जाणती माणसेही बोलून दाखवितात.

हा प्रश्न २०२३ च्या फेब्रुवारीत फारच रंगला. राज्यातील विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप पुकारला. परीक्षा पुढे गेल्या. त्याआधी २०१३ साली प्राध्यापकांच्या राज्य महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता. दोन्ही वेळी कुरकुर एकच : खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना युनियन कशाला हवी? न्यायालयांनाही या प्रश्नाने पुष्कळ श्रम दिले आहेत. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांनाही ‘उद्योग’ या व्याख्येत बसविले. पण १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. एकाच छपराखाली घंटा देणारा शिपाई कामगार आणि त्या घंटेवर वर्गात जाणारे सर मात्र नव्हेत, अशी ही मौज आहे!

या वादात पडणाऱ्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र एकदा पाहावे, असे मला वाटते. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात, ते स्वतः मागावर कधी उभे राहिले नव्हते. त्यांचा पेशा लेखणीचा.

लोखंडे घराण्याचे मूळ गाव कन्हेरसर. यमाईच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात आहे. घराणे माळ्याचे, परिस्थिती गरिबीची. पोटासाठी कुटुंब ठाण्यास आले व तेथे १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेच हे वर्ष. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर नारायणरावांनी आधी रेल्वेत, मग टपालखात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते लागले.

स्टोअरकीपरची जागा मोठी विलक्षण असते. तो साहेबाच्या बाजूचा धरला जातो, पण दिवसभर त्याच्यासमोर उभा असतो तो कामगार. गिरणीतील आयुष्य लोखंडे यांनी या खिडकीतून पाहिले. दिवाबत्तीची सोय नसल्यामुळे गिरणी सूर्योदयाला सुरू होई व सूर्यास्ताला थांबे. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तसे कामही मोठे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. पगार महिना-महिना मागे राहावयाचा, त्यामुळे वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज जन्माला चिकटलेले. नोकरी सोडावी तर अडकलेला पगार बुडण्याची भीती. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला खरा, पण त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले एवढेच. मोठ्यांच्या वाट्याला काहीच आले नाही.

लोखंडे तोपर्यंत सत्यशोधक समाजात पुरते मुरले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडले होते. १८८० साली ते मुंबईहून पुन्हा सुरू झाले आणि लोखंडे त्याचे संपादक झाले. बांधलेला पगार सोडून, आधीच एकदा बुडालेले पत्र चालवावयास घेणे हे धाडस केवढे, हे नोकरीची वाट पाहणाऱ्या आपल्या पिढीला वेगळे सांगावयास नको. गिरणीतील हालांना या पत्रामुळे प्रथमच छापील अक्षरांचा आधार मिळाला.

१८८४ साली सरकारने मुंबईत फॅक्टरी आयोग नेमला. लोखंडे यांनी लगेच सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या अशा : दर रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा, कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

यांतील पगाराच्या मागणीपाशी मी वाचताना थबकलो. वेळेवर पगार देण्याचा कायदा आपल्याकडे १९३६ साली झाला. म्हणजे त्या सह्यांनंतर ५२ वर्षांनी. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. आणि आज? तासिका तत्त्वावर शिकविणारे माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक आहेत. महाविद्यालयाचे नाव येथे नको. त्यांचे मानधन महिनोन्महिने येत नाही आणि किराणा दुकानातील वही फुगत जाते. हेच सर वर्गात आम्हांला १८८४ च्या मागण्या शिकवितात. त्यांच्यापुढे १५ तारखेचा उल्लेख करणे मला तरी जमले नाही.

मालकांनी ते निवेदन मनावर घेतले नाही. लोखंडे यांनी चिकाटी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. ज्या काळी पांढरपेशा घरांतील बायकांना सभेस जाणेही अवघड, त्या काळी गिरणीतील दोन बाया व्यासपीठावर उभ्या राहून सुट्टी मागतात, हे दृश्य मला त्या सभेच्या आकड्याहून मोठे वाटते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार; तेव्हा साहेबाची ही सुट्टी आपल्या माणसांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षी दुसरा फॅक्टरी आयोग आला व त्याच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ चा सुधारित कायदा त्यातून झाला. साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली, स्त्रियांसाठी ११ तासांची व मुलांसाठी ७ तासांची मर्यादा पडली.

लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला कोणी १८८४ ची म्हणतात, कोणी १८९० ची. तिच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो त्या काळच्या सरकारी अहवालातही आहे. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते. लोखंडे हे येईल त्या कामगाराला सल्ला देणारे गृहस्थ, एवढेच तिचे स्वरूप, असे अहवालकाराचे मत. हा आक्षेप खोटा नाही. आजच्या युनियनशी तुलना करता ती संघटना म्हणजे एक माणूस, एक वर्तमानपत्र आणि एक दार होते. पण हातात यादी व निधी असताना आपल्या दाराशी तासिकेवरचा माणूस उभा आहे हे न दिसणाऱ्या संघटनाही असतात, हे अहवालकारास कोठून ठाऊक असणार! शिवाय संघटनेला कायद्याची मान्यता देणारा ट्रेड युनियन कायदा १९२६ चा. लोखंडे यांनी नोंदणी करावयाची तरी कोठे?

त्यांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा होता. सरकारने त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ दि पीस केले, आणि त्यांनी ते स्वीकारले. पुढील काळातील लढाऊ पुढाऱ्यांच्या मानाने हे मवाळ वाटते. परंतु विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार १८९० साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला, त्यामागची प्रेरणा लोखंडे यांचीच होती. ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच तो खाली ठेवावयाचा! बहिष्कार हे हत्यार या मवाळ गृहस्थाला चांगलेच ठाऊक होते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचे दंगे झाले, तेव्हा राणीच्या बागेत ऐक्याची सभा भरविण्यातही ते पुढे होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. पहिले रोगी आढळले ते मांडवी भागात. ज्यांना शहर सोडणे शक्य होते ते गेले. लोखंडे राहिले व रोग्यांच्या सेवेत पडले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच होते. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. लोखंडे यांचे टपाल तिकीट निघाले ते २००५ साली. टपालखात्याचा हा जुना कर्मचारी तिकिटावर यावयास मृत्यूनंतर १०८ वर्षे लागली.