मासाताका ताकेत्सुरू

मासाताका ताकेत्सुरू (जन्म : ताकेहारा, हिरोशिमा प्रांत, २० जून १८९४, मृत्यू : २९ ऑगस्ट १९७९) हे जपानी मद्यरसायनतज्ज्ञ, ऊर्ध्वपातक आणि उद्योजक होते. जपानमधील यामाझाकी ही पहिली माल्ट व्हिस्कीची भट्टी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. पुढे त्यांनी होक्काइदो बेटावर योइची येथे स्वतःची भट्टी आणि निक्का ही कंपनी स्थापन केली. जपानी व्हिस्कीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मात्र हा मान शिंजिरो तोरिई यांनाही दिला जातो.

बालपण आणि शिक्षण

ताकेत्सुरू घराणे १७३३ पासून साके, म्हणजे तांदळापासून आंबवून केलेले मद्य, तयार करीत असे. मासाताका हे तिसरे पुत्र. लहानपणी जिन्यावरून पडून त्यांच्या नाकाला मोठी जखम झाली होती. त्यानंतर आपले घ्राणेंद्रिय अधिक तीक्ष्ण झाले, असे ते पुढे सांगत. ओसाका येथील तांत्रिक विद्यालयात त्यांनी मद्यनिर्मितीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९१६ मध्ये ओसाकातील सेत्त्सु शुझो या कंपनीत ते रुजू झाले.

त्या काळी जपानमध्ये व्हिस्की म्हणून जे विकले जाई ते बहुधा साध्या मद्यार्कात रंग, साखर व सुगंधी द्रव्ये मिसळून केलेले असे. खरी स्कॉच व्हिस्की कशी तयार होते हे कोणालाही नीट ठाऊक नव्हते. कंपनीचे अध्यक्ष किहेई आबे यांनी ही विद्या शिकण्यासाठी ताकेत्सुरू यांना स्कॉटलंडला पाठवण्याचे ठरवले. घरचा साकेचा व्यवसाय हाच मुलगा सांभाळील, अशी आईवडिलांची अपेक्षा होती. ती बाजूला ठेवून त्यांना परवानगी द्यावी लागली.

स्कॉटलंडमधील वास्तव्य

जुलै १९१८ मध्ये ते कोबे बंदरातून निघाले आणि अमेरिकेमार्गे डिसेंबरमध्ये लिव्हरपूलला पोहोचले. ग्लासगो विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. परंतु भट्टीवरचे काम पुस्तकातून येत नाही हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. मद्यनिर्मितीवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारे जे. ए. नेटलटन यांच्याकडे त्यांनी शिकवणीची विचारणा केली, पण मागितलेले शुल्क परवडण्याजोगे नव्हते. अखेर एप्रिल १९१९ मध्ये लाँगमॉर्न येथील भट्टीत त्यांना पाच दिवस काम शिकू देण्यात आले. त्यानंतर बोनेस येथे धान्यापासूनच्या सलग ऊर्ध्वपातनाची पद्धत त्यांनी पाहिली आणि १९२० मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्न भट्टीत सुमारे पाच महिने उमेदवारी केली.

तेथे त्यांनी पाहिलेली प्रक्रिया थोडक्यात अशी : बार्लीला मोड आणून ती पीटच्या धुरावर वाळवायची, भरडून गरम पाण्यात तिचा गोड अर्क उतरवायचा, तो यीस्टने आंबवायचा, तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातित करायचा आणि मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरत ठेवायचा. इन्सुली-बांदा परिसरातून सीमा ओलांडून गोव्यात गेलेल्या कोणीही काजूच्या हंगामात फेणीची भाटी पाहिलेली असते. आंबलेला रस उकळायचा, वाफ थंड करायची आणि थेंब गोळा करायचे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. फरक आहे तो मुख्यतः पुढच्या प्रतीक्षेचा. व्हिस्की काढल्यावर विकायची नसते, तिला पिंपात झोपवावे लागते. ही प्रतीक्षाच ताकेत्सुरू यांच्या पुढील आयुष्यातील बहुतेक संघर्षांच्या मुळाशी आहे.

हेझलबर्नमधील भट्टीची आकृती, यंत्रे, कामगारांच्या पाळ्या असा बारीकसारीक तपशील त्यांनी वह्यांमध्ये उतरवला आणि परतल्यावर आपले वरिष्ठ किइचिरो इवाई यांना सादर केला. हेझलबर्न भट्टी १९२५ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या कामाच्या पद्धतीची नोंद अशा रीतीने एका परदेशी उमेदवाराच्या हाताने राहिली.

विवाह

ग्लासगोजवळच्या कर्किन्टिलॉक येथील डॉक्टर कावन यांच्या घरी, त्यांच्या धाकट्या मुलाला जुजुत्सु शिकवण्याच्या निमित्ताने, ताकेत्सुरू यांचे जाणे-येणे सुरू झाले. तेथे जेसी रॉबर्टा (रिटा) कावन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. दोन्ही घरांचा विरोध असताना ८ जानेवारी १९२० रोजी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पतीसाठी स्कॉटलंडमध्ये राहण्याचा पर्यायही पुढे आला होता, पण जपानमध्ये व्हिस्की करण्याचे त्यांचे स्वप्न मोडू नये म्हणून रिटा यांनीच जपानला जाण्याचा आग्रह धरला.

यामाझाकी

नोव्हेंबर १९२० मध्ये दांपत्य जपानला आले तेव्हा युद्धोत्तर मंदी सुरू झाली होती. सेत्त्सु शुझोने व्हिस्कीचा बेत सोडून दिला. ज्या कामासाठी पाठवले तेच काम उरले नाही, म्हणून १९२२ मध्ये ताकेत्सुरू यांनी राजीनामा दिला आणि काही काळ शाळेत रसायनशास्त्र शिकवले. रिटा यांनी इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या.

१९२३ मध्ये कोतोबुकिया (नंतरची सन्टोरी) कंपनीचे मालक शिंजिरो तोरिई यांनी त्यांना दहा वर्षांच्या कराराने नेमले. वार्षिक वेतन ४,००० येन हे त्या काळी फारच मोठे होते. भट्टी कोठे उभारावी यावरून दोघांत पहिला मतभेद झाला. ताकेत्सुरू यांना स्कॉटलंडसारखे थंड हवामान असलेले होक्काइदो हवे होते. तोरिई यांना भट्टी बाजारपेठेजवळ हवी होती. अखेर क्योटो व ओसाका यांच्यामधील, उत्तम पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या यामाझाकी येथे १९२४ मध्ये ती उभी राहिली. पिंपे भरली जात होती आणि उत्पन्न मात्र शून्य होते, अशी पाच वर्षे गेली.

१९२९ मध्ये ‘शिरोफुदा’ ही पहिली व्हिस्की बाजारात आली आणि पडली. पीटचा धुरकट वास ग्राहकांना करपट वाटला. तोरिई यांना जपानी जिभेला रुचेल असे सौम्य पेय हवे होते, तर ताकेत्सुरू यांना धुराची तडजोड मान्य नव्हती. पुढे त्यांची योकोहामा येथील बिअरच्या कारखान्यात बदली झाली. दोघांपैकी चूक कोण, असा निवाडा करणे सोपे नाही. तोरिई यांनी १९३७ मध्ये आणलेली ‘काकुबिन’ यशस्वी झाली, हे त्यांच्या व्यापारी दृष्टीचे द्योतक आहे. पण ती व्हिस्की ज्या पिंपांतून आली ती ताकेत्सुरू यांच्या काळात भरलेली होती.

योइची आणि निक्का

करार संपल्यावर मार्च १९३४ मध्ये त्यांनी कोतोबुकिया सोडली आणि त्याच वर्षी होक्काइदोतील योइची येथे दाई निप्पॉन काजू (महा जपानी फळरस) ही कंपनी काढली. व्हिस्की मुरेपर्यंत पोट भरावे म्हणून सफरचंदाचा रस विकायचा, असा हा बेत होता. रस शुद्ध पण महाग असल्याने फारसा खपला नाही. भांडवलदारांत शोतारो कागा हे होते; त्यांच्या पत्नी रिटा यांच्याकडे इंग्रजी शिकत असत.

१९३६ मध्ये तांब्याची एकच भट्टी बसवता आली. पहिले आणि दुसरे ऊर्ध्वपातन तिच्यातच होई. ती थेट कोळशाच्या आचेवर चालवली जाई आणि हीच पद्धत योइचीत पुढेही टिकली. साके करणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे भट्ट्यांना तांदळाच्या पेंढ्याचा पवित्र दोर बांधला जातो. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे तोरण बांधतात तसाच हा भाव. १९४० मध्ये पहिली व्हिस्की निघाली. कंपनीच्या नावातील ‘नि’ आणि ‘का’ घेऊन तिला ‘निक्का’ हे नाव मिळाले. १९५२ मध्ये कंपनीचेही नाव तेच झाले.

युद्धकाळात आयात थांबली आणि नौदलाला व्हिस्की हवी होती, त्यामुळे भट्टी तगली. रिटा यांच्या वाट्याला मात्र संशय आला. हेरगिरीच्या शंकेने त्यांच्यावर पाळत ठेवली गेली व घराची झडतीही झाली.

युद्धानंतर करकायद्यानुसार तिसऱ्या दर्जाच्या व्हिस्कीत मुरलेल्या माल्टचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी, अगदी शून्य असले तरी चालत असे. इतर उत्पादक त्यावर बक्कळ कमावत असताना ताकेत्सुरू यांनी असा माल काढण्यास दीर्घकाळ नकार दिला. कामगारांचे वेतन थकू लागले तेव्हा १९५० मध्ये त्यांनी माघार घेतली, पण माल्टचे प्रमाण कायद्याच्या वरच्या मर्यादेला नेऊन ठेवले आणि कृत्रिम रंग व सुगंध वापरले नाहीत. १९५४ मध्ये कागा यांचे समभाग असाही या बिअर कंपनीकडे गेले आणि निक्काला आर्थिक स्थैर्य लाभले.

उत्तरायुष्य

१७ जानेवारी १९६१ रोजी रिटा यांचे वयाच्या ६४ व्या वर्षी योइची येथे निधन झाले. या आघातानंतर ताकेत्सुरू आणि त्यांचे दत्तक पुत्र ताकेशी यांनी ‘सुपर निक्का’चे मिश्रण तयार केले, ती १९६२ मध्ये बाजारात आली. धान्यापासूनच्या व्हिस्कीसाठी त्यांनी स्कॉटलंडहून जुन्या धाटणीची कॉफी भट्टी मागवली. ही पद्धत त्यांनी चार दशकांपूर्वी बोनेसला पाहिली होती. १९६९ मध्ये सेंदाईजवळ मियागिक्यो येथे दुसरी भट्टी सुरू झाली.

वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. योइची येथे भट्टीच्या परिसराकडे पाहणाऱ्या टेकडीवर पतिपत्नींची समाधी एकत्र आहे. गावातील एका रस्त्याला रिटा यांचे नाव देण्यात आले आहे. या दांपत्याच्या जीवनावर आधारित ‘मास्सान’ ही मालिका जपानच्या एनएचके वाहिनीने २०१४-१५ मध्ये प्रसारित केली.