धन्य सिस्टर मारिया रेस्टितुता

धर्मासाठी प्राण वेचणारे हुतात्मे केवळ रोमन बादशहांच्या काळीच होऊन गेले, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. गेल्या महायुद्धात एका रुग्णसेविकेवर भरलेला खटला त्याची साक्ष देतो.

सिस्टर रेस्टितुता यांचे पूर्वाश्रमीचे नाव हेलेना काफ्का. मोराविया प्रांतातील ब्रनो शहरालगतच्या हुसोव्हित्से गावी, एका चेक मोच्याच्या घरी, १ मे १८९४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या दोन वर्षांच्या असताना हे गरीब कुटुंब पोटासाठी व्हिएन्ना येथे येऊन राहिले. हेलेना यांनी प्रथम मोलकरणीचे व दुकानातील विक्रीचे काम केले व पुढे त्या इस्पितळात रुग्णसेवेस लागल्या. तेथील फ्रान्सिस्कन भगिनींचे सेवामय जीवन पाहून १९१४ साली त्यांनी त्या संघात प्रवेश केला व एका प्राचीन हुतात्मा स्त्रीचे नाव धारण केले.

१९१९ पासून त्या व्हिएन्नाजवळील म्योडलिंग गावच्या इस्पितळात शस्त्रक्रियागृहात काम करू लागल्या. कामात त्या निष्णात, गरिबांविषयी कनवाळू. परंतु बोलण्यात रोखठोक व स्वभावाने निश्चयी. म्हणूनच लोक थट्टेने त्यांस सिस्टर रेझोलुटा, म्हणजे निश्चयी भगिनी, म्हणत असत.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया देश गिळंकृत केला. शाळा व इस्पितळे यांतून क्रूस काढून टाकण्याचे हुकूम सुटले. अशा समयी इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा सिस्टरांनी तिच्या खोल्याखोल्यांत क्रूस लावले. ते काढण्यास सांगण्यात आले असता त्यांनी साफ नकार दिला. शिवाय, नाझी राजवटीचा धिक्कार करणारे सैनिकांचे एक गीत व दुसरा एक मजकूर यांच्या प्रती त्यांनी टंकलिखित करवून घेतल्या. तेथीलच नाझीपक्षीय डॉक्टराने ही वार्ता पोलिसांच्या कानी घातली.

१८ फेब्रुवारी १९४२, राखेचा बुधवार. त्या दिवशी गुप्त पोलिसांनी सिस्टरांस शस्त्रक्रियागृहातूनच पकडून नेले. २९ ऑक्टोबर रोजी लोकन्यायालय असे गोंडस नाव मिरविणाऱ्या नाझी न्यायासनाने शत्रूस साहाय्य व राजद्रोहाची पूर्वतयारी या आरोपांखाली त्यांस देहान्ताची शिक्षा फर्मावली. ज्या हातांनी हजारो रुग्णांची शुश्रूषा केली, त्या हातांपाशी शस्त्र म्हणून काय सापडले? कागदाचे दोन तुकडे!

दयेचे अर्ज करण्यात आले. हिटलरचा उजवा हात मार्टिन बोरमान याने ते फेटाळले. इतरांस जरब बसण्यासाठी हा वध आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे पडले. संघ सोडल्यास सुटका होईल, असेही सिस्टरांस सुचविण्यात आल्याचे सांगतात. पण प्रभूस दिलेले वचन त्यांनी मोडले नाही. तुरुंगात त्या आपल्या तुटपुंज्या अन्नातील वाटा सोबतिणींस देत व धर्म न मानणाऱ्या कम्युनिस्ट कैद्यांसही धीर देत. ३० मार्च १९४३ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचा शिरच्छेद झाला. तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. त्यांचा देहसुद्धा संघाच्या स्वाधीन केला गेला नाही. मध्यवर्ती दफनभूमीत इतर देहदंडितांबरोबर तो पुरण्यात आला.

ज्यांना दहशत बसावी म्हणून हा वध झाला, त्यांनीच पुढे सिस्टरांचे नाव आदराने जपले. २१ जून १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हिएन्नाच्या वीरचौकात त्यांस धन्य घोषित केले. साठ वर्षांपूर्वी त्याच चौकात हिटलरने ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणाची घोषणा केली होती.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या घरच्या भिंतीवरील क्रूस उतरविण्याचा हुकूम आज आपणांस कोणी देत नाही. पण त्याच्यापुढे गुडघे टेकताना, तो भिंतीवर राहावा म्हणून एका भगिनीने कोणते मोल दिले, हे आपण विसरू नये. धन्य रेस्टितुता, आम्हांसाठी विनंती कर.